मोडलेली गाडी आणि उघडें डोकें



लोणावळ्यांत, जुन्या मुंबई-पुणें रस्त्याच्या कडेला, माझें दुचाकी दुरुस्तीचें गॅरेज आहे. मोटारसायकलीला आमच्या मावळांतलीं म्हातारीं माणसें अजून फटफटी म्हणतात, आणि त्या फटफटीच्या पोटांत काय बिनसलें आहे हें तिच्या आवाजावरून ओळखणें हा माझा धंदा. वक्तृत्वाशीं माझा संबंध नाहीं. तरीहि ह्या विषयावर बोलण्याचें मीं कबूल केलें, त्याचें कारण असें कीं, पडलेली गाडी दुरुस्त करणाऱ्याला जें दिसतें तें इतरांना सहसा दिसत नाहीं. रस्त्यावरचे लोक अपघात पाहतात तो क्षणभर. पोलिस पाहतात तो पंचनाम्यापुरता. डॉक्टरांपुढें येतो तो माणूस. गाडी आमच्याकडे येते, आणि काय घडलें तें ती सगळें सांगते.

गाडी एका अंगावर घसरली असेल तर हॅंडलचें टोंक खरवडलेलें असतें, क्लचची किंवा ब्रेकची मूठ मोडलेली असते, पाय ठेवण्याची दांडी मागें वांकलेली असते. अशी गाडी पाहिली कीं स्वाराचा तळहात, कोपर आणि गुडघा सोलला असणार हें न विचारतां कळतें. पुढचें चाक इंजिनाकडे सरकलेलें असेल, फोर्कच्या नळ्या वांकल्या असतील, तर गाडी समोरून कशावर तरी आदळली आहे. मग मी टाकीकडे पाहतों. टाकीला आंतल्या बाजूनें पोचा असेल तर स्वार पुढें फेंकला गेला आणि जातांना त्याच्या मांड्या तेथें आपटल्या, असें समजावें. त्यापुढें तो हॅंडलावरून कोठें गेला तें गाडीवर लिहिलेलें नसतें.

अशा गाड्यांबरोबर पुष्कळ वेळां एक हेल्मेटहि येतें. तें आरशाच्या दांडीला अडकविलेलें असतें, नाहीं तर मागच्या जाळीला पट्ट्यानें बांधलेलें असतें. गाडीचा चक्काचूर झालेला, आणि हेल्मेटावर ओरखडा नाहीं! माझ्या धंद्यांत मीं पाहिलेल्या वस्तूंपैकीं हीच मला सर्वांत अप्रिय वाटते.

लोणावळ्याचा पाऊस आपणां सर्वांना ठाऊक आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी येथें पडतें, आणि तेंहि बहुतेक चार महिन्यांत. त्याच चार महिन्यांत शनिवार-रविवारीं पुण्यामुंबईहून दुचाक्यांची रीघ लागते. द्रुतगति महामार्ग २००२ सालीं पुरा झाला, पण त्यावर दुचाकींना मज्जाव आहे. म्हणून हे सर्व स्वार जुन्या रस्त्यानेंच येतात. तळेगांव, वडगांव, कामशेत, कार्ल्याचा फाटा, मग लोणावळा. तेथून कोणी भुशीच्या धरणाकडे, कोणी टायगर पॉइंटकडे, कोणी पवनेच्या कांठानें. मुंबईचे लोक बोरघाट चढून येतात आणि संध्याकाळीं तोच उतरून जातात. हा घाटरस्ता १८३० सालीं वाहतुकीस खुला झाला, तो बैलगाड्यांसाठीं. त्याचीं वळणें बैलाच्या चालीला मानवणारीं आहेत, दीडशें सी. सी. च्या इंजिनाला मानवतीलच असें नाहीं.

घाट उतरतांना होणारी एक चूक अनेकांना ठाऊक नसते. उतारावर लोक गाडी टॉपमध्यें ठेवतात, कित्येक तर पेट्रोल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करतात, आणि सगळा भार ब्रेकवर टाकतात. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारें यंत्र. सतत दाबून ठेवला तर तो तापतो, आणि तापला कीं ढिला पडतो. डिस्क ब्रेकांत जें तेल असतें त्याचा एक अवगुण आहे: तें हवेंतील ओल शोषून घेतें. नव्या तेलाचा उत्कलनबिंदु २३० अंशांच्या वर असतो. ओल पुरेशी शिरली म्हणजे तो १५५ अंशांपर्यंत उतरूं शकतो. मग ऐन वळणावर तेलाची वाफ होते आणि मूठ हॅंडलाला टेकते. म्हणून मी दर पावसाळ्याच्या आधीं तेल बदलावयास सांगतों. दोन-अडीचशें रुपयांचें काम. पण गिऱ्हाईक म्हणतें, "तेल तर दिसतंय कीं भरलेलं!" घाट चढतांना ज्या गिअरमध्यें चढला त्याच गिअरमध्यें उतरावा, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम दुचाकीलाहि तंतोतंत लागू आहे.

बोरघाटांत शिंग्रोबाचें देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराची कथा त्याच्याशीं जोडलेली आहे, आणि येणारेजाणारे ड्रायव्हर तेथें नाणें टाकून नमस्कार करतात. मीहि करतों. परंतु डावा हात कपाळाकडे नेऊन नमस्कार करणाऱ्या स्वाराच्या त्याच हाताच्या कोपरांत हेल्मेट लोंबतांना मीं पाहिलें आहे, आणि त्या वेळीं शिंग्रोबाला काय वाटत असेल असा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

आतां ज्या प्रसंगामुळें मी ह्या बाबतींत हट्टी झालों तो सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आषाढांतल्या एका शनिवारीं पुण्याकडचा एक कॉलेजांतला मुलगा मित्रासह गॅरेजांत आला. मागचा ब्रेक लागत नव्हता. ड्रम उघडला तों आंत पाणी आणि चिखल, आणि ब्रेक-शू झिजून गुळगुळीत झालेले. मीं नवे शू घातले, ड्रम पुसला, पुढचा ब्रेक पाहिला, चेन ताणली, गाडी स्वतः फिरवून आणली. पैसे देतांना त्याचें हेल्मेट टाकीवर होतें. मीं म्हटलें, "घाल बाबा, रस्ता निसरडा आहे." तो हंसला. "काका, लोणावळ्याला यायचं आणि तोंडावर वारा घ्यायचा नाही?" मुलगा गोड होता. मीहि हंसलों.

सोमवारीं तीच गाडी टेम्पोंतून परत आली. बरोबर त्याचे मामा होते. पवनेच्या रस्त्यावर वळणावरची खडी चाकाखालीं येऊन गाडी घसरली होती. वेग फार नव्हता. मुलगा इस्पितळांत बेशुद्ध होता. मामांनीं मला एकच प्रश्न विचारला: "ब्रेक लागत होते ना?" मीं त्यांच्यासमोर चाक फिरवून ब्रेक दाबून दाखविला. उत्तम लागत होता. ते म्हणाले, "मग तुमचा काही दोष नाही." त्या वाक्यानें मला समाधान व्हावयास हवें होतें. माझें काम निर्दोष ठरलें होतें. गाडीचें नुकसानहि थोडें होतें. फुटरेस्ट, एक मूठ, एक इंडिकेटर. दीड हजारांत गाडी जशीच्या तशी झाली. ती विकावयाची होती. मुलगा वांचला, पण पुढें महिन्यांनीं मामा हिशेब मिटवावयास आले तेव्हां म्हणाले कीं, तो बोलतो, माणसें ओळखतो, मात्र वाचलेलें पान त्याच्या लक्षांत राहत नाहीं. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता.

"वेग फार नव्हता" हें वाक्य मीं मुद्दाम सांगितलें. लोकांची कल्पना अशी कीं, डोकें फुटतें तें भरधाव गाडीवर. गणित करून पाहा. माणसाचें डोकें सुमारें दीड मीटर उंचीवरून नुसतें खालीं पडलें, गाडी उभी असली तरीहि, तरी जमिनीला लागतांना त्याचा वेग ताशीं १९-२० किलोमीटर होतो. कवटीला तेवढा पुरे. ताशीं साठांच्या वेगानें समोर आदळणें म्हणजे तर चवदा मीटरांवरून, चार मजली घराच्या गच्चीवरून, पडण्यासारखें आहे. प्रश्न असतो तो डोकें थांबावयास अंतर किती मिळतें हा. डांबरावर तें जवळजवळ मिळतच नाहीं. हेल्मेटाच्या आंत जो थर्माकोलाचा जाड थर असतो तो दबतो, आणि त्या दोन-तीन सेंटिमीटरांत डोक्याला थांबण्याची सवड मिळते. ब्रेक गाडीला जी सवड देतो तीच ही. बाहेरचें कवच तो आघात एका बिंदूवरून पसरवितें. पट्टा बांधला नसेल तर मात्र हें सारें व्यर्थ. पहिल्या धक्क्याला हेल्मेट एकीकडे आणि डोकें दुसरीकडे जातें. एकदां दबलेला थर्माकोल पुन्हां उठत नाहीं, म्हणून आपटलेलें हेल्मेट वरून चांगलें दिसलें तरी टाकून द्यावें. वांकलेली फोर्कची नळी प्रेसवर सरळ करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नकार देतों, तोहि अशाच कारणानें: एकदां वांकलेल्या लोखंडावर पुन्हां जीव टाकूं नये.

हेल्मेट म्हणजे अमरपट्टा नव्हे. ट्रकखालीं सांपडलेल्याला तें वांचवीत नाहीं, मोडलेल्या मांडीला त्याचा उपयोग नाहीं. पण त्याचा गुण किती हें मोजलेलें आहे. २००८ सालीं कॉक्रेन संस्थेनें एकसष्ट निरनिराळ्या अभ्यासांचा मेळ घालून काढलेला निष्कर्ष असा कीं, हेल्मेटामुळें मृत्यूचा संभव सुमारें ४२ टक्क्यांनीं आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनीं कमी होतो. 

ह्या शोधाचा आरंभ एका प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूपासून झाला. अरबस्तानांतील पराक्रमामुळें गाजलेला आणि पुढें हिंदुस्थानांत कराची व मिरानशहा येथें विमानदलांत साधा शिपाई म्हणून राहिलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यांत इंग्लंडांत मोटारसायकलीवरून पडला आणि सहा दिवसांनीं वारला. डोक्यावर कांहीं नव्हतें. त्याला तपासण्यास जे डॉक्टर गेले त्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. वाळवंटांतून आणि युद्धांतून सुटलेला माणूस एका खेड्याच्या रस्त्यावर असा जावा, हें त्यांच्या मनाला लागलें. महायुद्ध सुरू झाल्यावर निरोप पोंचविणारे लष्करी मोटारसायकलस्वार मोठ्या संख्येनें मरूं लागले. केर्न्स यांनीं त्यांच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्यें निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश लष्करानें आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचें केलें. सामान्य नागरिकांना तें सक्तीचें व्हावयास मात्र १९७३ साल उजाडावें लागलें. तेव्हां उशीर हा कांहीं आपलाच दुर्गुण नव्हे.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम आहे. त्यानें चालविणाऱ्याला आणि मागें बसणाऱ्याला, दोघांनाहि हेल्मेट सांगितलें आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द अशी शिक्षा कायद्यांत लिहिली गेली. नवी दुचाकी विकतांना हेल्मेट बरोबर द्यावें असेंहि केंद्रीय नियमांत आहे. आणि ह्याच २०१९ च्या आरंभीं पुण्यांत पोलिसांनीं सक्ती सुरू करतांच तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले! त्या मोर्चांतील मंडळी अडाणी नव्हती. केस गळतात, मान दुखते, हॉर्न ऐकूं येत नाहीं, शहरांत वेग तो काय असतो. हे आक्षेप मला रोज ऐकावे लागतात. डोक्याच्या मापाचें हेल्मेट घेतलें तर मान दुखत नाहीं. हॉर्नविषयीं म्हणाल, तर सायलेन्सर कापून घेतलेल्या गाडीवर बसणाऱ्याला हेल्मेट नसतांनाहि दुसरें कांहीं ऐकूं येत नसतें.

हेंच मला नवल वाटतें. चाकणला बनलेली नवी कोरी गाडी, तिला दहा हजारांचा सायलेन्सर, चार हजारांचे दिवे, टाकीवर शिवछत्रपतींची मुद्रा. आणि डोक्याला लागणाऱ्या वस्तूसाठीं रस्त्याकडेचा तीनशें रुपयांचा टोपला. आय. एस. आय. चा शिक्का नसलेलें हेल्मेट विकण्यास २०२१ च्या जूनपासून बंदी आहे. पण शिक्का छापावयास लागतें काय? आंत थर्माकोल आहे कीं नुसता स्पंज, हें अस्तर अंगठ्यानें दाबून पाहिलें तरी पुष्कळ कळतें.

डोक्याखालच्या शरीराविषयीं थोडें. आमच्याकडे रविवारीं येणारे अर्धे स्वार अर्ध्या चड्डींत आणि रबरी चपलांत असतात. गिअरचा खटका चपलेंतून निसटतो. पाय टेकवितांना ओल्या डांबरावर चप्पल सरकते आणि दीडशें किलोंची गाडी घोट्यावर येते. साधे बूट, जाड पॅंट आणि हातमोजे, एवढें असलें तरी पुष्कळ कातडी वांचते. पडतांना माणूस आधीं हात टेकतो, म्हणून हातमोज्यांना मी बुटांहून थोडें अधिक महत्त्व देतों.

आतां जें सांगावयाचें तें आपणां सुशिक्षित कुटुंबांतल्या श्रोत्यांना उद्देशून आहे. गॅरेजाच्या दारांतून मी रस्ता पाहत असतों. पुढें गृहस्थ, डोक्यावर चांगलें हेल्मेट, पट्टा बांधलेला. मागें पत्नी, एका अंगावर बसलेली, डोक्यावर पदर. मध्यें मूल, तें उघडेंच. दंड पुढच्याला होतो म्हणून हेल्मेट पुढच्याला, असा हा हिशेब आहे. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें गेलीं, आणि केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालांत हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ दिली आहे. त्यांतील ३५,६९२ गाडी चालवीत होते. उरलेले १४,३३७ मागें बसले होते. लहान मुलांसाठीं, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत, हेल्मेट, बांधण्याचा पट्टा आणि ताशीं ४० ची मर्यादा असा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. मुलाच्या मापाचें हेल्मेट मागावयास किती घरें दुकानांत गेलीं असतील?

एका अंगावर बसणाऱ्या स्त्रियांच्या बाबतींत आणखी एक. मागच्या चाकाला जी जाळी असते तिला आम्ही साडी-गार्ड म्हणतों. ती नियमानेंच लावावी लागते, म्हणजे पदर किंवा ओढणी आऱ्यांत जाऊं नये. तरुण मुलें गाडी घेतल्या दिवशीं मला ती काढावयास सांगतात, दिसावयास वाईट म्हणून. मी काढून देत नाहीं. पुढच्या चौकांतला दुसरा देतो.

त्या पावसाळ्यानंतर मीं एक नियम केला: हेल्मेट डोक्यावर असल्याशिवाय दुरुस्त गाडीची किल्ली द्यावयाची नाहीं. माझा अधिकार काय, असें मला अनेकांनीं विचारलें. शेजारचे किराणावाले म्हणाले, "मधुमेह आहे का हे विचारून मी साखर विकत नाही." त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. मी पोलिस नव्हे. कांहीं गिऱ्हाइकें तुटलीं, तीं अजून तुटलेलींच आहेत. उरलेल्यांनीं युक्ति काढली. समोरच्या चहाच्या टपरीवर एक लाल हेल्मेट असे. तें दिवसांतून चार वेळां माझ्या दारांत येई, दर वेळीं निराळ्या डोक्यावर, आणि किल्ली मिळतांच परत टपरीवर जाई. तिसऱ्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें. मीं टपरीवाल्याला बोललों नाहीं. गिऱ्हाईक खिंडीपर्यंत जातें का तें पाहावयास पोऱ्याला पाठवूं लागलों, आणि लवकरच तेंहि सोडलें.

आणि मी स्वतः? एके दुपारीं एका गाडीची ट्रायल घ्यावयास मी तसाच, उघड्या डोक्यानें निघालों. नुकताच कोन-सेट बदलला होता, नट नीट आवळलेला नव्हता. शंभर पावलांवर हॅंडल थरथरूं लागलें आणि मी गटाराच्या कडेला आडवा झालों. लागलें तें खांद्याला. उठून पाहतों तों माझ्याच गॅरेजांतला सोळा वर्षांचा शिकाऊ मुलगा हातांत माझें हेल्मेट घेऊन धांवत येत होता. तो कांहीं बोलला नाहीं. मीहि बोललों नाहीं. पण त्याच्यासमोर मला जितकें ओशाळें वाटलें तितकें कोणत्याहि गिऱ्हाइकासमोर वाटलेलें नाहीं. पंचवीस वर्षें नट आवळणाऱ्याच्या हातून नट राहतो, हें ज्यांच्या गाड्या मी दुरुस्त करतों त्यांनींहि ऐकून ठेवावें.

नाणे मावळांतून एक म्हातारबाबा दूध घेऊन कामशेतच्या बाजारांत येतात. जुनी गाडी, दोन्ही बाजूंना कॅन, डोक्यावर गांधी टोपी. गाडी माझ्याकडेच असते. त्यांना मीं नियम सांगितला तेव्हां ते म्हणाले, "मिस्त्री, सत्तर पावसाळं काढलं ह्या टोपीखाली. आता तुमचं मडकं कशाला?" त्यांच्याशीं वाद कोण घालणार? दुधाला चार पैसे सुटतात. त्यांतून हजार-बाराशें रुपयांचें हेल्मेट घ्या म्हणणें मलाच जड गेलें. माझ्याकडे एक चांगलें, न आपटलेलें हेल्मेट पडून होतें, तें मीं त्यांना दिलें. त्यांनीं तें कॅनाच्या कडीला अडकविलें आणि गेले.

दोन महिन्यांनीं सकाळीं मी कामशेतला गेलों होतों. बाबांची गाडी समोरून आली. त्या दिवशीं कॅन नव्हते. मागें त्यांची नात कॉलेजाचें दप्तर घेऊन बसली होती, आणि माझें हेल्मेट तिच्या डोक्यावर होतें, पट्टा हनुवटीखालीं घट्ट. बाबांच्या डोक्यावर टोपीच. मला पाहून त्यांनीं गाडी थांबविली आणि क्लचची तार ओढते आहे, केव्हां आणूं, असें विचारलें. मीं गुरुवारीं या म्हटलें, आणि परत आल्यावर गॅरेजांतल्या खुंटीवर दुसरें एक हेल्मेट काढून ठेवलें.